दुसरे कार्ड

एकदा एक भांड्यांचा व्यापारी आपल्या मुलाचा संगणक छातीशी कवटाळून एका वृद्ध गुरूंच्या दुकानात आला. गुरू पूर्वी आयटीआयमध्ये शिकवत असत. निवृत्तीनंतर संगणक जोडणे आणि दुरुस्त करणे हेच त्यांचे व्रत झाले होते. ज्यांना ही विद्या हवी असे, ते त्यांच्यापाशी बसून शिकत. सगळे त्यांना सर म्हणत.

त्या दुपारी त्यांची एक शिष्या टेबलाशी काम करत होती. मुलगी मोठी हुशार. दोष एवढाच, की खरे सांगण्याची तिला भारी घाई. समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी तिचे उत्तर तयार असे, आणि ते बहुधा बरोबरही असे, ही त्यातली खरी अडचण.

"ह्यात अजून एक ग्राफिक्स कार्ड बसवायचंय," व्यापारी म्हणाला. "आहे तसंच दुसरं. आणि घरी फोन करू नका. आमच्या मंडळींना यातलं काही माहीत नाही."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर खेळाचे चित्र रंगवणारा भाग. शिष्येने मशीन उघडले, आत डोकावून पाहिले आणि मुलगा कोणता खेळ खेळतो ते विचारले. गाड्यांच्या शर्यतीचा, असे कळताच ती हसली.

"शेठ, दोन कार्डांचा नाद सोडा. वेग वाढतो तो नावापुरता. वरचं कार्ड खालच्याच्या गरम हवेनं तापतं, चित्र मधेच अडखळतं. मुलाला समजावून सांगा, उगाच हट्ट करू नको म्हणावं."

"तो नाही आता," व्यापारी म्हणाला. "तीन महिने झाले. डेंग्यूनं गेला."

शिष्येने हात मशीनमधून बाहेर घेतला. व्यापारी मात्र बोलत राहिला, जणू एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना.

"वर्षभर मागत होता पुष्कर. मी म्हणायचो, एक आहे ना, दुसरं कशाला? शेवटी रुसला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. म्हटलं, उतरेल राग. नवव्या दिवशी ताप भरला, आणि मग बोलायच्या अवस्थेत राहिलाच नाही तो."

शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. झालेली चूक भरून काढावी म्हणून ती घाईघाईने म्हणाली, "पण शेठ, तुमचंच बरोबर होतं. त्याचा काही उपयोग नव्हताच."

"बरोबर होतो?" व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिले. "मग ते बरोबर असणं घेऊन मी आता काय करू, ताई?"



दोन कार्डे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवण्याबद्दल सर गावभर प्रसिद्ध होते. लोक त्यांच्यावर चिडत, तरी ते बधत नसत. तेच सर आतून उठून आले आणि म्हणाले, "बसव दुसरं कार्ड."

"सर, पण तुम्हीच तर..."

"बसव. आणि खेळ चालू कर. शेठ, तुम्ही इथं माझ्याजवळ बसा."

तिला काही उमगेना. तिने निमूटपणे कपाटातून तसलेच दुसरे कार्ड काढून बसवले, दोन्हींना जोडणारी पट्टी लावली आणि शर्यत सुरू केली. डोंगरातल्या वळणांवरून गाड्या धावू लागल्या.

"पुष्कर म्हणायचा, दुसरं आलं की पहिल्यावरचा भार निम्मा होईल," व्यापारी म्हणाला. "अर्धं ह्यानं उचलायचं, अर्धं त्यानं."

सरांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवले. पहिल्या कार्डाची मेमरी सहा जीबी भरली होती. दुसऱ्याचीही सहाच.

"तीन-तीन का नाही?"

"वाटणी होते ती फक्त कामाची, शेठ," सर म्हणाले. "एक चित्र हे काढतं, पुढचं ते काढतं. पण एकच चित्र काढायचं म्हटलं, तरी सगळा रस्ता, सगळ्या गाड्या, सगळे डोंगर ज्याचे त्याच्या मेमरीत असावे लागतात. अर्धा डोंगर ठेवून भागत नाही. म्हणून सगळं ह्याच्यापाशी असतं, आणि सगळं त्याच्यापाशीही असतं." मग त्यांनी विचारले, "घरी बाईंशी बोलता का पुष्करबद्दल?"

"नाही हो. तिच्यासमोर मी त्याचं नावसुद्धा काढत नाही. त्याच्या खोलीला कुलूप घातलंय. म्हटलं, जेवढं मी माझ्यापाशी ठेवीन, तेवढं तिचं कमी होईल."

"नाही होत. त्यांच्यापाशीही पुरता पुष्कर आहे. तुम्ही गप्प राहिलात म्हणून त्यातला तसूभरही कमी झालेला नाही. त्या तिकडे एकट्या पडल्या आणि तुम्ही इकडे, एवढंच झालं. मुलानं आठ दिवस अबोला धरला, तो तुम्हाला अजून सलतोय. बाईंशी तुम्ही तीन महिने धरलाय."

व्यापारी ढसाढसा रडला. तीन महिन्यांचे साठलेले सगळे बाहेर आले. सरांनी त्याला थांबवले नाही. बऱ्याच वेळाने त्याने रुमालाने तोंड पुसले आणि स्वतःच घरी फोन लावला.

"अगं, मी पुष्करचं मशीन घेऊन आलोय दुरुस्तीच्या दुकानात. ते दुसरं कार्ड बसवायला."

 दुकान इतके शांत होते, की पलीकडचे बाईंचे शब्द सगळ्यांना ऐकू गेले.

"अहो, ते तो माझ्याकडेही मागायचा. बाबांना सांग, म्हणायचा. मीच ओरडले त्याला. म्हटलं, पुन्हा त्याचं नाव काढलंस तर बघ." बाई बोलतच राहिल्या. "रोज तेच आठवतं. तुम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं."

व्यापाऱ्याने डोळे मिटले. "त्याचा काही उपयोग नाही म्हणतात. काढायला सांगू का?"

"नको. असू दे. मी येते, मलाही बघू दे."

शिष्येने यावर मत दिले नाही. तिने टेबलावरचा पंखा उघड्या मशीनकडे वळवला आणि व्यापाऱ्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची आणून ठेवली.

घरातले माणूस गेल्यावर उरलेली माणसे एकमेकांना जपण्यासाठी गप्प बसतात. त्या गप्प बसण्याने आजवर कोणाचे ओझे हलके झाले असेल, तर मला ते घर एकदा पाहायचे आहे.