महिपतीचं फास्ट चार्जिंग

वाघजाळीत महिपती नावाचा एक भोळा माणूस राहत होता. पिठाची गिरणी चालवायचा. लोक ज्वारी आणायचे, तो पीठ द्यायचा. याहून अवघड काम त्याला कोणी सांगत नसे.

गावात वीज दिवसातून पाच तास यायची. त्यावर उपाय म्हणून सगळ्या गावाने फास्ट चार्जिंगचे फोन घेतले होते. महिपतीच्या पोरीचं, रोहिणीचं लग्न दहा दिवसांवर आलं, तसा तोही तालुक्याला गेला आणि जमीरभाईच्या दुकानातून फोन आणि पॉवर बँक घेऊन आला.

जमीरभाईने बजावलं, "काका, अर्ध्या तासात भरतो. पण ऐंशी टक्के झालं की काढायचं. शंभराच्या मागं लागायचं नाही."

महिपतीने ते नीट ध्यानात ठेवलं. तीच त्याची वाईट खोड होती.

येता येता तो दाढीला बसला. सखाहरी न्हाव्याने एक गाल केला, हनुवटी केली, दुसऱ्या गालाला वस्तरा लावला, तोच महिपती उठला.

"बास. ऐंशी टक्के झालं."

घरी बायकोने, हौसाबाईने, कपाळाला हात लावला. "अहो, उद्या व्याही यायचेत! एकदा बसलं की पुरं झाल्याशिवाय उठायचं नाही!"

"असं होय," महिपती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वीज आली. त्याने फोन चार्जिंगला लावला, ऊन लागू नये म्हणून वर गोधडी घातली आणि शेजारी मांडी ठोकली. अर्ध्या तासात शंभर टक्के झाले. कंपनी खोटं बोलली नव्हती. पण महिपती उठेना. पुरं झालं असं फोन काही तोंडाने म्हणाला नव्हता. व्याही आले, चहा पिऊन गेले. गिरणीवर गिऱ्हाईक ताटकळलं. शेवटी वीज गेली तेव्हा तो उठला. फोन तव्यासारखा तापला होता.

तो धावत जमीरभाईकडे गेला.

"काका, तापला की वरचं कव्हर काढायचं. गार फरशीवर आडवा ठेवायचा, वारा लागू द्यायचा. आणि निवेपर्यंत बोलायचं नाही."

"असं होय."

घरी परतला तर हौसाबाईचा थोरला भाऊ शिवदास आला होता. लग्नपत्रिकेत त्याचं नाव सगळ्यात खाली, छापखान्याच्या नावाला चिकटून आलं होतं. हौसाबाई दारातच कुजबुजली, "दादा लई तापलाय. जरा बघा."

महिपतीने बघितलं. आधी शिवदासची टोपी काढली. मग कोट. मग सदरा. मग त्याला फरशीवर आडवा केला आणि सुपाने वारा घालायला लागला.

"अहो दाजी! हे काय लावलंय?" शिवदास ओरडला.

महिपतीने तोंडावर बोट ठेवलं. निवेपर्यंत बोलायचं नव्हतं.

शिवदास बनियनवरच एसटी स्टँडकडे निघाला. त्याला हातापाया पडून परत आणल्यावर हौसाबाई म्हणाली, "तापलेल्याला गोडाधोडाचं वाढावं! नको म्हटलं तरी आग्रह करावा!"

"असं होय."

लग्नाला चार दिवस उरले. पॉवर बँक चार्जिंगला लावली आणि ती जरा तापली. महिपतीने वायर काढली नाही. घरची वीज गेली की ती ग्रामपंचायतीच्या इन्व्हर्टरवर लावायचा. तिचे चारही दिवे लागले, तरी "घे गं, अजून थोडं घे," असा आग्रह चालूच. तिसऱ्या दिवशी ती टम्म फुगली. महिपतीला बरं वाटलं. पुरी फुगली की हौसाबाईलाही बरं वाटायचं.

ती सदऱ्याच्या खिशात घालून तो कौतुकाने दुकानात गेला. जमीरभाई काउंटरवरून उडी मारून थेट रस्त्यावर.

"काका, ती बाहेर अंगणात ठेवा आधी! फुगली की चार्ज करायची नाही! लोकांना लांब पांगवायचं, ती मोकळ्यात ठेवायची आणि वरून वाळू ओतायची! नाहीतर पेट घेते!"

"असं होय."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात सगळं वेळेवर चाललं होतं. अंतरपाट धरायचा, तोच गुरुजी थांबले. मुहूर्ताला सहा मिनिटं होती आणि नवरदेवाचे मामा, गुलाबराव, कोपऱ्यात खुर्चीवर तोंड फिरवून बसले होते. त्यांचा फेटा दुसऱ्याच कुणाला तरी बांधला गेला होता. रोहिणी हार धरून रडवेली झाली.

शिवदास घाबरा होऊन आला. "दाजी, काहीतरी करा! मामा फुगलेत!"

महिपतीचा चेहरा पांढरा पडला. पण पोरीच्या लग्नाचा प्रश्न होता. त्याने गुरुजींच्या हातातला माईक घेतला.

"मंडळी, मामा फुगलेत! लांब पळा! पेट घेतील!"

चारशे माणसं पळाली. कोण मामा, कसले मामा, कुणीही विचारलं नाही. महिपतीने गुलाबरावांना खुर्चीसकट ओढत अंगणात नेलं. दारात आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्यातल्या तीन त्याने मामांच्या डोक्यावर ओतल्या, चौथी गळ्यापाशी चेपून बसवली.

मग नवरदेवाची आई फिसकन हसली. हा भाऊ तिने चाळीस वर्षं सोसला होता. पाठोपाठ नवरदेव हसला, रोहिणी हसली. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अजून दोन मिनिटं होती.

महिपतीने हात झटकले आणि पुन्हा माईक घेतला.

"मंडळी, या, अक्षता टाकायला या. घाबरू नका, मामांना वाळूत पुरलंय!"