न वाकलेली नावाडीण

फार पूर्वी एका नदीकाठच्या राज्यात एक विचित्र रीत होती. राजापुढे गाऱ्हाणं मांडायचं तर माणसानं कमरेत वाकायचं, हात पोटाशी बांधायचे, हनुवटी छातीला टेकवायची आणि आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बोलायचं. ही रीत राजाच्या पणजोबांनी पाडली होती. ते बुटके होते आणि समोरच्याची उंची त्यांना खपत नसे. पणजोबा गेले, रीत तेवढी राहिली. लोक तिला अदब म्हणू लागले. जो मान वर करील, त्याला सात वर्षांची हद्दपारी.

आता असं दुमडून बोलणाऱ्याचा आवाज जाणार कुठे? तो घशातच घुटमळायचा. सिंहासनापर्यंत नुसती गुणगुण पोचायची. मग राजा शेजारच्या कारभाऱ्याला विचारायचा, "काय म्हणतोय हा?"

"सगळं क्षेम आहे म्हणतोय, महाराज," कारभारी सांगायचा. राजा खूश व्हायचा. आपली रयत सुखी आहे, असं त्याला अगदी मनापासून वाटायचं.

याच राज्यात नदीला लागून एक गाव होतं. घरं अलीकडे, शेतं पलीकडे. बाळंतपण करणारी सुईणही पलीकडेच राहायची. मधे एकच नाव होती आणि ती एक नावाडीण चालवायची. सारं गाव तिला मावशी म्हणायचं.

एके दिवशी कारभाऱ्यानं गावाचा धक्का बंद केला. तिथे राजाची शोभेची नाव बांधायची होती. दुसरी कुठलीही नाव तिथे लागता कामा नये, असा हुकूम निघाला. नाव लावायला दुसरी जागा नव्हती, त्यामुळे मावशीची नाव काठावर उपडी पडली. पलीकडे जोंधळा कापणीला आला होता आणि पाखरं त्याच्यावर ताव मारत होती. उथळ पाण्यातून पायी ओलांडायचं तर वरच्या अंगाला अख्ख्या दिवसाची चाल. त्यात पाटलाच्या सुनेचे दिवस भरत आले होते.

पाटील दरबारात गेला. रीतीप्रमाणे वाकला, घडाघडा सगळं बोलला आणि सुखी रयतेचा मान म्हणून हातात नारळ घेऊन परत आला.

मग गावानं पैलवानाला पाठवलं. तो म्हणाला, "मी असा ओरडतो, की छप्पर हाललं पायजे." तो वाकला, हनुवटी छातीला टेकवली आणि सगळा जोर गळ्यात आणून ओरडला. मानेच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं, आणि आवाज मधेच फाटला. पुढे नुसता खोकला. दरबार पोट धरून हसला. पैलवान आठ दिवस खुणांनी बोलत होता.

गावाला वाटलं, आपले घसेच कमकुवत. कुणी ज्येष्ठमध उगाळलं, कुणी खडीसाखर वाटली. पाटील तर सकाळ-संध्याकाळ हळद घालून दूध प्यायला लागला.

मावशी वैतागली. "घशाला काय धाड भरली न्हाई तुमच्या. चला माझ्यासंगं नदीवर."

पलीकडे सुईण धुणं धूत होती. मावशी म्हणाली, "पाटील, दरबारात वाकला व्हता तसं वाका आन् तिला हाक मारा."

पाटील वाकला. "सुईणबाई!" हाक त्याच्याच धोतरात विरली. पलीकडे धुणं चालूच राहिलं.

"आता हुबं ऱ्हावा. ताठ न्हाई, सरळ. गुडघे सैल सोडा, नावंत हुबं ऱ्हायल्यागत. ताठ गुडघ्याचा माणूस पयला पाण्यात पडतो. खांदे बघा कुठं गेल्यात, कानाला लागल्यात! सोडा खाली. दातावर दात कशापायी धरलेत? जबडा सोडा. आता दम पोटात घ्या आन् मारा हाक."

पाटलानं हाक मारली. सुईणीनं हातातलं धुणं खाली ठेवलं. "काय वो पाटील?" पलीकडून उत्तर आलं.

पाटील स्वतःच दचकला. "मावशे, मी तर ओरडलोबी न्हाई!"

"न्हाईच ओरडला. अंगाची गाठ सुटली, का आवाज आपसूक जातो." मग तिनं लुगड्याचा पदर खोचला. "उद्या दरबारात मी जाते. आन् मी वाकणार न्हाई."

"हद्दपार करतील गं!"

"करू देत. वाकून तरी आपण कुठं गावात सुखानं ऱ्हातोय?"

दुसऱ्या दिवशी दरबारात गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांची लांब रांग होती. सगळे वाकलेले. मावशी पुढे आली आणि सरळ उभी राहिली. भालदारानं चांदीची काठी तिच्या मानेवर टेकवली आणि दाबली. मान खाली गेली नाही. दरबारात कुजबुज सुरू झाली.

खरं सांगायचं तर मावशी भ्यायली होती. नदी सोडून ती सात दिवस कधी राहिली नव्हती, सात वर्षं कुठली राहणार? भीतीनं खांदे वर चढले, गुडघे आवळले. "महाराज..." आवाज उंदरासारखा निघाला. दरबार हसला.

त्या हसण्यानं तिला राग आला, पण राग तिनं गळ्यात साठू दिला नाही. तिनं गुडघे सैल केले. खांदे खाली सोडले. आवळलेला जबडा मोकळा केला. सिंहासन म्हणजे पलीकडचा काठ, असं मनाशी धरलं आणि पोटभर दम घेतला.

"महाराज, तुमच्या नावंपायी आमचा धक्का बंद झाला. पलीकडं जोंधळा पाखरं खात्यात. पाटलाची सून अडली तर सुईण पोचायची न्हाई. धक्का खुला करा."

शब्द न् शब्द दरबारभर पोचला. सवयीनं कारभारी पुढे वाकला आणि म्हणाला, "सगळं क्षेम आहे म्हणते, महाराज."

राजानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "मला ऐकू आलं," तो म्हणाला.

कारभाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण राजाही शेवटी राजाच. त्याच्या कपाळावर आठ्या चढल्या. "माझ्यावर ओरडतेस?"

"ओरडत न्हाई, महाराज. हुबी हाय."

"पण वाकली नाहीस. सात वर्षं हद्दपार!"

"जाते. पर मी काय बोलले, ते आता तुम्हाला ठावं हाय."

तेवढ्यात रांगेतला एक म्हातारा विणकर कण्हत सरळ झाला. त्याच्या पाठीची हाडं सगळ्यांना ऐकू येतील अशी वाजली. "मग मलाबी धाडा," तो म्हणाला. "आमच्या आळीची विहीर ढासळलीय. तीन वर्सं सांगतोय." त्याच्या मागची कुंभारीण सरळ झाली. तिच्या मागचा धनगर झाला. बघता बघता अख्खी रांग उभी राहिली.

राजा बघतच राहिला. आजवर त्यानं रयतेची फक्त पागोटी आणि पदर पाहिले होते. इतके चेहरे, आणि त्यातला एकही सुखी नाही. यांना सगळ्यांना हद्दपार केलं, तर राज्य कुणावर करायचं?

मग राजा काहीतरी पुटपुटला. पण जड मुकुटाखाली त्याची मान दबलेली, खांदे आवळलेले. कुणालाच काही कळलं नाही.

"महाराज," मावशी म्हणाली, "खांदे सोडा आन् परत सांगा."

भालदारानं डोळेच मिटून घेतले. राजानं मावशीकडे रोखून पाहिलं. मग मुकुट काढून मांडीवर ठेवला, खांदे सोडले, लांब दम घेतला.

"धक्का खुला करा. हद्दपारी कुणालाच नाही. आणि त्या विणकराला आधी बोलू द्या."

निम्मा जोंधळा पाखरांनी खाल्ला होता. उरलेला मावशीच्या नावेतून घरी आला, आणि त्याच आठवड्यात सुईणही. वाकायची रीत राजानं काही मोडली नाही, पणजोबांचा मान ठेवायला हवा ना! ती कायद्यात तशीच राहिली. पाळायला मात्र पुन्हा कुणी आलं नाही.

तात्पर्य: आवाज पोचत नसेल तर घशाला दोष देऊ नका. आपल्याला कुणी वाकवून ठेवलंय ते आधी पाहा, खांदे सोडा आणि सरळ उभे राहून बोला.