हुकूम न मानणारे पाणी

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. त्याने "थांब" म्हटले की वारा थांबे, पडता आंबा अधांतरी लोंबकळे. त्यामुळे त्याने जन्मात स्वतःच्या हाताने काही केले नव्हते. जोडेसुद्धा दुसरेच घालीत.

एकदा त्याने एका मांत्रिकाला बोलता बोलता थांबवले. बिचारा तीन दिवस तोंड उघडे टाकून उभा! सुटला तो संतापूनच. त्याने राजकन्या पद्मलेखेची मासोळी केली, तिला तलावात सोडले आणि बांधाला भोक पाडले.

"हे पाणी तुझा हुकूम मानणार नाही. भोक बुजेल ते तुझ्याकडूनच. बुजले तर शाप फिटेल. तलाव आटला तर मुलगी मरेल."

राजा "थांब" म्हणाला. पाणी वाहतच राहिले.

तेव्हा समुद्रावरून एक कुरव पक्षी आला. म्हणाला, "महाराज, इंग्रजांच्या मुलखात 'स्टॉप' म्हटले की घोडेसुद्धा थांबतात."

राजाने तो शब्द एकदा गोडीत उच्चारला, एकदा दरडावून, एकदा नगारे वाजवून. तलाव गुडघाभर उरला. राजाला रडू फुटले.

"अरे, या शब्दाचा अर्थ तरी काय?"

"ते खाडीवरच्या गोमाईला विचारा. ती गलबते दुरुस्त करते."

राजा धावत गेला. गोमाई हसली.

"म्हाराज, हुकूम नंतरचा. आधी ते काम होतं. गलबताला भोक पडलं की त्यात तागाचा चोथा कोंबायचा, त्याला ते इंग्रज खलाशी 'स्टॉप' म्हनायचे. पुढं थांबवन्यालाच तो शब्द लागला."

"मग चल, कोंब."

"मी कोंबून कसं चालंल? शाप तुमाला हाय."

तिने ताग आणि राळ दिली. राजा चिखलात उतरला. पहिला बोळा वाहून गेला. दुसराही गेला. तिसरा त्याने राळेत बुडवून पिळला, नखे तुटेपर्यंत ठोसला आणि खांदा लावून दिवसभर रेटून धरला.

संध्याकाळी पाणी थांबले.

तलावाच्या मध्यावर पद्मलेखा उभी होती. ती वडिलांकडे निघाली आणि घसरली. राजाच्या ओठांवर "थांब" आले होते. ते त्याने गिळले आणि चिखल तुडवीत तो स्वतःच तिच्याकडे गेला.