माडगडावर दोन टोपीकर

खाडीच्या तोंडाशी माडगड नावाचा एक छोटा किल्ला होता, आणि त्या किल्ल्यावर रवळू नावाचा एक भोळा हुजऱ्या होता. भोळा म्हणजे किती? एकदा त्याची बायको सगुणा विहिरीवर जाताना म्हणाली, "भाताकडे लक्ष ठेवा. डोळा हलवू नका." कुत्रा आला. त्याने भात खाल्ला. टोपही चाटला. सगुणा परत आली तेव्हा रवळू टोपापुढे मांडी घालून बसला होता.

"एकदाही हलवला नाही," तो म्हणाला.

तर अशा रवळूवर एक दिवस सबंध किल्ल्याचा भार येऊन पडला.

त्याचं असं झालं. किल्लेदार हैबतरावांना एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक इंग्रजाचं, एक फरासिसाचं. फ्रेंचांना तेव्हा आपल्याकडे फरासीस म्हणत. दोन्ही पत्रांत मजकूर एकच. खाडीच्या तोंडाशी वखार बांधायला जागा द्या. आणि दोन्ही पत्रांच्या शेवटी ओळही एकच. त्या दुसऱ्याला देऊ नका.

हैबतरावांना घाम फुटला. "इंग्रजाला हो म्हटलं तर फरासीस तोफा लावणार. फरासिसाला हो म्हटलं तर इंग्रज लावणार. दोघांना नाही म्हटलं तर दोघे मिळून लावणार!"

"छे, छे," कारभारी विसाजीपंत म्हणाले, "हे दोघे मिळून काही करायचे नाहीत. त्यांच्या मुलखांच्या मधे एक चिंचोळा समुद्र आहे. त्याचं नाव काय, यावरसुद्धा त्यांचं एकमत नाही."

"मग करायचं काय?"

"दोघांना बोलवायचं. खाऊ घालायचं. गोड बोलायचं. लेखी काही द्यायचं नाही. इंग्रजाला उत्तरेच्या सदरेत उतरवू, फरासिसाला दक्षिणेच्या. दोघांची गलबतंही दोन बाजूंना राहतील, मधे डोंगराचं नाक आहे. याचा त्याला पत्ता लागता कामा नये."

"चाकर बडबडतील ना!"

"म्हणून चलाख चाकर नको. चलाख माणूस सांगितलं त्याहून जास्त करतो. आपला रवळू सांगितलं तेवढंच करतो."

पंत आयुष्यात फार वेळा चुकले नव्हते. त्यांनी सगळं एका दिवसासाठी साठवून ठेवलं होतं.

पहिला आला इंग्रज. कप्तान पिटकिन. पंतांनी रवळूला आधीच बजावलं, "त्याला मुजरा करायचा नाही. तो हात पुढे करील. तो हात धरायचा आणि हलवायचा. आणि एक लक्षात ठेव. इथे दुसराही पाहुणा आहे हे कुणाला सांगायचं नाही."

"होय जी," रवळू म्हणाला, आणि विसरू नये म्हणून त्याने उपरण्याला गाठ मारली.

पिटकिन साहेब ताडासारखा उंच होता. वैशाखाच्या उन्हात त्याने गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली होती आणि टोपी कपाळावर घट्ट बसवली होती. त्याने हात पुढे केला. रवळूने तो धरला आणि हलवायला लागला. पायऱ्या चढताना हलवला. दरवाज्यातून जाताना हलवला. साहेब गादीवर बसला, रवळू शेजारी बसला आणि हलवत राहिला. साहेबाने डाव्या हाताने पाणी पिऊन घेतलं. चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही. इंग्रजाला काही दुखतंखुपतं हे दाखवणं त्यांच्यात वाईट समजतात.

"आज हवा बरी आहे," तो एवढंच म्हणाला.

पंत आले तेव्हा सुटका झाली. त्यांनी रवळूला बाहेर ओढलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे मूर्खा, हात धरला की सोडायचाही असतो!"

"होय जी," रवळू म्हणाला, आणि दुसरी गाठ मारली.

तासाभराने दक्षिणेच्या धक्क्याला फरासिसाची होडी लागली. मुसा रेनाल त्याचं नाव. आधी त्याचं अत्तर वर आलं, मग तो. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, मनगटावर लेसच्या झालरी, पायांत उंच टाचांचे जोडे. ओहोटी होती. होडीपासून धक्क्यापर्यंत नुसता चिखल, आणि चिखलावर एक फळी. मुसा फळीच्या मध्यावर आला, डगमगला, आणि त्याने हात पुढे केला.

रवळूने हात धरला. मग त्याला पंतांचं बोलणं आठवलं. त्याने हात सोडला.

मुसा कमरेपर्यंत चिखलात गेला. आता फरासीस काही मनात ठेवत नाही. मुसा आभाळावर चिडला, चिखलावर चिडला, फळीवर चिडला, आणि शेवटी स्वतःच्या आईला हाका मारून रडला. तिघांनी त्याला ओढून काढलं. एक जोडा खाडीने ठेवून घेतला.

पंतांनी कपाळावर हात मारला. "अरे मूर्खा, पाहुणा घसरला की त्याला मिठीत धरायचं! आणि मग या गालाला गाल लावायचा, त्या गालाला गाल लावायचा. त्यांच्यात तशी रीत असते."

"होय जी." तिसरी गाठ.

तिकडे उत्तरेच्या सदरेत पिटकिन साहेब हात धुवायला उठला. उंबऱ्याशी त्याचा पाय किंचित सरकला. किंचितच. पण रवळू तयारीत होता. त्याने धावत जाऊन साहेबाला कवेत घेतलं. या गालाला गाल लावला. मग टाचा उंचावून त्या गालाला लावला.

साहेब शेंदरासारखा लाल झाला. "हे चाळे तुला कोणी शिकवले? हे फरासिसांचे चाळे आहेत! बेडूक खाणारे लोक!" मग त्याने डोळे बारीक केले. "इथे फरासीस आला आहे काय?"

रवळूने विचार केला. "साहेब, ते सांगायचं नाही असं मला सांगितलंय."

साहेबाची एक भुवई वर गेली. ती मग दिवसभर खाली आली नाही.

पंतांना हे कळलं तेव्हा कपाळ लाल झालं होतं, म्हणून त्यांनी भिंतीवर हात मारला. "अरे मूर्खा, टोपीकराला शिवायचं नाही! दहा हात लांब उभं राहायचं. आणि काहीही झालं तरी फक्त हवापाण्याचं बोलायचं!"

"काहीही झालं तरी?"

"काहीही."

"होय जी." चौथी गाठ.

दक्षिणेच्या सदरेत मुसा आंघोळ करून, दुसरा टोप घालून जेवायला बसला होता. भर दुपारी त्याने ताटाभोवती मेणबत्त्या लावून घेतल्या होत्या. अंधारासाठी नव्हे, जेवणाच्या मानासाठी. सुरमईचं कालवण खाऊन तो खूश झाला. चिखल विसरला. फरासीस जितक्या लवकर चिडतो तितक्याच लवकर विरघळतो.

"पंत," तो म्हणाला, "वखारीचं लेखी नको. तुमच्या घरी असं जेवण आहे, मग कागद कशाला? इंग्रज आला असता तर कागद मागितला असता. वाणी आहेत ते, वाणी! आणि काय खातात ठाऊक आहे? मांस उकडतात. भाजी उकडतात. उरलेलं पुन्हा उकडतात!"

पंतांच्या जिवात जीव आला. निम्मं काम झालं होतं. ते पान आणायला आत गेले.

मुसा बोलतो तेव्हा त्याचे हातही बोलतात, आणि हातांमागून मानही. तो रवळूला इंग्रजाचं उकडणं समजावत पुढे वाकला आणि टोपाची शेंडी मेणबत्तीवर आली. फुर्रकन पेटली.

रवळू दहा हात लांब उभा होता.

"मुसा," तो म्हणाला, "आज हवा बरी आहे."

"आग!" मुसा ओरडला.

"हो. थोडा उकाडा आहे खरा."

"पाणी! पाणी!"

"पाण्याला अजून महिना आहे," रवळू आभाळाकडे बघून म्हणाला. "मिरगाला येईल."

मुसाने टोप उपटला आणि सोलकढीच्या वाडग्यात बुडवला. चुर्र आवाज झाला. टक्कल हाताने झाकून तो उभा राहिला.

"घर जळताना हवेचं बोलणारा माणूस जगात एकच! तुला इंग्रजाने शिकवलं! बोल, इथे इंग्रज आहे?"

"ते सांगायचं नाही असं मला सांगितलंय," रवळू म्हणाला.

पंत विडा घेऊन आले तेव्हा मुसा सामान बांधत होता. पंतांनी विडा स्वतःच्याच तोंडात कोंबला. "अरे मूर्खा, डोकं पेटलेलं दिसलं की बोलत उभं राहायचं नसतं! हाताला लागेल ते ओतायचं!"

"होय जी." पाचवी गाठ.

एक गेला. निदान दुसरा तरी गोडीने जावा म्हणून पंत धापा टाकत उत्तरेच्या सदरेत आले. स्वतः हैबतराव तिथे बसले होते. पिटकिन साहेबाची भुवई वर होती, पण बोलणं नरम होतं. "ठीक आहे," तो म्हणाला, "यंदा कागद नको. पुढच्या वर्षी बघू." आणि त्या दिवसात पहिल्यांदाच, मनमोकळं होऊन, त्याने टोपी काढून बाजूला ठेवली.

साहेबाचे केस लालभडक होते. खिडकीतून ऊन आलं आणि ते नुसते धगधगले.

रवळू तेवढ्यात ताकाची कळशी घेऊन आत येत होता.

कळशी भरलेली होती. रवळूने अर्धवट काम केलं नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत त्याने कळशी साहेबाच्या डोक्यावर उपडी धरली. ताक बटणांच्या आत गेलं, बुटांत उतरलं. नाकावर कोथिंबिरीचं एक पान राहिलं.

"विझलं," रवळू म्हणाला.

साहेबाने डोळ्यांवरचं ताक पुसलं. मग म्हणाला, "पाऊस लवकर आला." त्याने कोथिंबिरीचं पान काढलं, ताटाच्या कडेला ठेवलं, टोपी घातली आणि थेट आपल्या गलबतावर गेला.

हैबतरावांनी डोक्याला हात लावला. "पंत, दोघेही रुसून गेले! तुम्ही त्यांना भेट म्हणून काढलेले नारळ आणि फणससुद्धा तसेच पडलेत!"

"सरकार, अजून उपाय आहे. भरतीला दोघेही निघतील. उत्तरेकडच्या सहा तोफांनी इंग्रजाला सलामी द्या, दक्षिणेकडच्या सहांनी फरासिसाला. टोपीकर कितीही रुसला तरी सलामीने विरघळतो." मग ते रवळूकडे वळले. "आणि तू रे मूर्खा! रुसलेल्या पाहुण्याला कुणी असं रिकामं धाडतं का? काहीतरी भरून द्यायचं असतं!"

"होय जी," रवळू म्हणाला. सहावी गाठ मारायला उपरण्यात जागा नव्हती, म्हणून त्याने ती शेंडीला मारली.

बुरुजावर इमामखान गोलंदाजाने बारा तोफांत दारू ठासली. सलामीच्या तोफेत गोळा नसतो. तो रवळूला म्हणाला, "जरा उभा राहा इथे. तोफा रिकाम्याच आहेत, भिऊ नकोस. मी पागोटं बांधून येतो."

रवळू उभा राहिला. रिकाम्याच आहेत, हे शब्द त्याच्या कानांत घुमले. पाहुणे रुसलेले. आणि तोफा रिकाम्या. त्याला पंतांची कीव आली. केवढ्या मोठ्या माणसाची लाज जायची वेळ आली होती! तो धावत गेला. इंग्रजाच्या सहा तोफांत त्याने सहा नारळ घातले. फरासिसाच्या तोफांत पिकून लिबलिबीत झालेले बरके फणस घातले. पाच फणस दाबून दाबून बसले. सहावा काही केल्या बसेना. फार मोठा होता.

भरती आली. दोन गलबतं डोंगराच्या दोन बाजूंनी निघाली आणि खाडीच्या तोंडाशी एकमेकांसमोर आली. पिटकिन साहेबाला फरासीस दिसला. मुसाला इंग्रज दिसला. दोघांनीही मान हलवली. म्हणजे हे होतं तर!

इतक्यात पागोटं बांधलेल्या इमामखानाने बत्ती दिली.

सहा नारळ शिडाला भोकं पाडून इंग्रजाच्या गलबतावर उतरले. पाच फणस फरासिसाच्या गलबतावर फुटले. दोरखंडांना गरे लटकले. मुसाच्या तिसऱ्या टोपात आठळ्या अडकल्या आणि चीक त्याच्या झालरींवरून ओघळायला लागला.

आता हे कोणी केलं? किल्ल्यावर तर सलामी चालू होती. सलामीत कोणी काही घालत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मग समोर उरला कोण?

"बेडूक खाणारे दुसरं काय फेकणार!" पिटकिन साहेब म्हणाला. मोठ्याने म्हणाला. त्याच्या खलाशांनी त्याचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला.

"उकडायचं विसरला हा वाणी!" मुसाने अंगावरचा गरा झटकला. "तोफा भरा!"

आणि जुंपली. फरासीस हातवारे करत होता, इंग्रज बटणं लावत होता, आणि दोघांचे गोळे समुद्रात पडत होते. मासे वगळता कोणाचं नुकसान झालं नाही. एक पुढे, एक मागे, मग मागचा पुढे, अशी ती गलबतं धूर काढत पश्चिमेकडे दिसेनाशी झाली.

तटावर हैबतराव तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांच्या किल्ल्यापासून दोन बादशहांची लढाई सुरू झाली होती. पंत मटकन खाली बसले. "उद्या दोघेही शुद्धीवर येतील. दोघेही विचारायला येतील. काय सांगू मी? काय सांगू?"

तेवढ्यात रवळू आला. दोन्ही हातांत न मावणारा सहावा फणस त्याने छातीशी धरला होता.

"पंत, हा तोफेत मावला नाही. मुसाला एक कमी गेला. आता हा कुठे घालू?"

पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुठे घालू म्हणून विचारतोस? घाल! घाल माझ्या डोक्यात!"

"होय जी," रवळू म्हणाला, आणि त्याने दोन्ही हात उंच केले.

फणस बरका होता, म्हणून पंत वाचले.