एकेचाळीसचं पान

नासाडी म्हणतोस तू? परवाच्या सभेत उठून सांगितलंस, वहीत कोरी पानं सोडणारा माणूस एक तर आळशी, न्हाईतर येडा. मी तवा दातावर दात धरून बसलो, सभा मोडू नये म्हणून. आज तू हितं न्हाईस, पण तुला उत्तर दिल्याबिगर माझ्या घशाखाली घास उतरणार न्हाई. बाकीच्यांनीबी ऐका.

एकदा एका माळावरच्या गावात दुधाची संस्था निघाली. उंबरे पन्नास-साठ. खाती घालायला बाजारपेठेतनं एक म्हातारा आणला, त्याला सगळे अण्णा म्हणायचे. जन्म गुळाच्या अडतीत खतावणी लिहिण्यात गेलेला. त्याच्या हाताखाली शिकायला गावातला हणमा बसला. दोन पोरांचा बाप, अक्षर बरं, डोकं तापट.

अण्णा म्हणला, "घर धरून खातं घालायचं. पहिल्या घराला दहा नंबरचं पान. दुसऱ्याला वीस. तिसऱ्याला तीस."

"आणि मधली?"

"कोरी."

"अण्णा, दोन घरांच्या मधी म्हस बांधायची हाय का?"

अण्णा हसला, पण आकडा बदलला न्हाई. "परगावचे दूध घालायला येतील, ते नऊशेच्या पुढं. ते पाव्हणे. दूध घालायचं, रोकडा न्यायचा. त्यांना बोनस न्हाई, पेंड न्हाई, सभेत हात वर करायचा न्हाई."

अर्ध्या वहीचं काम, त्याला चार जाड वह्या लागल्या. कोरं पान उलटताना हणमा चरफडायचा. एकदा त्यानं गुपचूप अकराच्या पानावर पेंडीचा खर्च लिहायला घेतला, तर अण्णानं हातातला पेनच काढून घेतला.

"ते पान दुसऱ्याचं हाय."

"कुणाचं?"

"यायचं हाय अजून."

हणमा घरी जाऊन बायकोला म्हणला, म्हातारा कामातनं गेला.

चाळीस नंबरचं घर शिरपाचं. दोघं भाऊ एकात राहायचे. धाकटा विजेच्या तारेला चिकटून गेला. मागं राहिली त्याची बायको कोंडाबाई, एक आजारी पोर, आणि कोंडाबाईच्या माहेरानं दिलेली म्हस. वैरण ती घालायची, धार ती काढायची, दुधाची कासंडी संस्थेत ती आणायची. बिल मात्र शिरपाच्या हातात. पोरीच्या औषधाला मागितलं की तो म्हणायचा, बघू.

एका सकाळी तिनं कासंडी खाली ठेवली आणि म्हणली, "हणमादादा, माझं वेगळं खातं घाला. म्हस माझी हाय."

मागं रांगेत शिरपा उभा होता. तो म्हणला, "घाल की. मी कुठं नको म्हणतो? पण शेवटाला घाल, परक्यात. भाऊ गेला, तिचा आमचा संबंध सरला. आमच्या घराला तिला लावायचं न्हाई."

रांगेत कुजबूज सुरू झाली. समद्यांना कळत होतं. आज ती परक्यात गेली, की बोनस गेला, मत गेलं. आणि उद्या घर-रानाच्या वाटणीचा विषय निघाला, की शिरपा गावापुढं म्हणणार, बघा, संस्थेनंसुद्धा तिला पाव्हणीच धरली हाय.

हणम्याला यातलं निम्मंच उमगलं. खातं ते खातं, पैसे तिच्या हातात पडले म्हंजे झालं, असं म्हणून त्यानं चौथी वही ओढली आणि नऊशेच्या पुढचं पान काढलं.

अण्णा कण्हत उठला. ती वही मिटली. पहिली वही आणली, चाळीस काढलं आणि एकच पान उलटलं.

"लिव. एकेचाळीस. कोंडाबाई."

शिरपा म्हणला, "अण्णा, ते माझ्या घरचं पान हाय."

अण्णा म्हणला, "मी तरी दुसरं काय म्हणतोय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. कोंडाबाई रडली न्हाई. तिनं पदर खोचला आणि कासंडी मापापुढं सरकवली.

हणम्यानं नाव लिहिलं. त्यानं पुढची पानं उलटली. बेचाळीस. एकावन्न. त्रेसष्ट. पहिल्यांदा त्याला दिसलं, की हितं अख्खं गाव बसलंय. न आलेल्या सुना, वेगळी निघणारी पोरं, मागं राहणाऱ्या बाया. समद्यांची जागा धरलेली, आपापल्या उंबऱ्यापाशी. देवळात पाऊल टाकावं तसं तो एकेक पान हळू मिटत गेला.

"अण्णा, ही बाई अशी येणार, तुमाला ठावं होतं?"

"न्हाई. कोण येणार ते कुणालाच ठावं नसतं, म्हणून तर जागा सोडायची. घर वाढतं, फुटतं, त्यातलं कोण मरतं. नंबर बघून कळाया पाहिजे, माणूस कुणाच्या शेजारचं. पानापाशी पान लावून घट्ट वही घातली, तर मागनं येणारा आपसूक शेवटाला जातो. मग लोक म्हणत्यात, त्याचं नशीब. नशीब कसलं? वही घालणाऱ्याचं पाप."

हणमा पाया पडायला वाकला.

अण्णा म्हणला, "रांग खोळंबली. दूध माप."

तर असं हाय. उद्या सकाळी आपापल्या संस्थेत जा आणि वही मागा. घरची बाई परक्यात लिहिलेली दिसली, तर तिथल्या तिथं नाव खोडायला लावा आणि तिला तिच्या घराला लावा. माझ्याशी वाद घालत बसू नका. जा.