धुरपाईची सुपाएवढी बाग

फार वर्षांपूर्वी, आमच्या काळेखडीत गवतसुद्धा विचारून उगवायचं, तेव्हाची ही गोष्ट. गाव पाथरवटांचं. जाती, पाटे, उखळं घडवावीत ती आमच्याच माणसांनी! पण देवीला वाहायला फूल म्हणाल, तर एक नाही. नवरात्रात आमची रिकामी परडी शेजारच्या मळेवाडीला जायची आणि फुलांनी भरून यायची.

एका वर्षी मळेवाडीच्या पाटलाने ती रिकामीच परत पाठवली. वर निरोप, "दगडाच्या गावाला फुलं कशाला?" सगळं नवरात्र आमची देवी खडकाई उघड्या गळ्याने बसली. गावाने माना खाली घातल्या.

एकटी धुरपाई उठली. जात्याला टाकी लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, बागेतलं मात्र तिला ओ की ठो कळत नव्हतं. तिने देवीपुढे टाकी ठेवली आणि म्हणाली, "आई, पुढच्या नवरात्रात तुझ्या गळ्यात आपल्याच गावचं फूल घालीन. न्हाई जमलं, तर पुन्हा टाकी हातात धरणार न्हाई."

उन्हाळाभर तिने ओढ्यापलीकडून डोक्यावर माती वाहिली आणि सबंध खडकावर पसरली. आषाढात झेंडू लावला, तोही पाथरवटासारखाच. रोपाला रोप भिडवून, मधे सांधा दिसू नये असा!

सासू बघून म्हणाली, "अगं, बाग करतीस का भिंत रचतीस?"

धुरपाईने ऐकलं नाही. पाऊस लागला, खडकावर पाणी तुंबलं, रोपं कुजली आणि माती वाहून गेली. सुपात मावेल एवढीच उरली, आणि मूठभर बी. तेव्हा धुरपाई ढसाढसा रडली, असं म्हणतात.

सासू शेजारी येऊन बसली. "रडून झालं असंल तर गेरू काढ. जातं घडवायच्या आधी दगडावर रेघ मारतीस न्हवं? मग हितं का न्हाई मारलीस?"

श्रावणात उघडीप मिळाली तशी धुरपाई उगवतीपासून मावळतीपर्यंत खडकावर नुसती बसून राहिली. ऊन कुठे थांबतं, सावली कुठे सरकते, ओंजळभर पाणी ओतलं तर कुठे पळतं, ते बघत गेरूने रेघा ओढत गेली. ऊन जास्त थांबलं तिथे तिने सुपाएवढा खळगा कोरला, पाणी निघून जायला बारीक चर पाडला आणि वीतभर जागा सोडून एकेक बी टोचलं. टाकीचा शेवटचा घाव बसला आणि खडकाला गोड पाण्याचा पाझर फुटला, असं म्हणतात.

घटस्थापनेला झेंडू असा फुलला की तोडावा तेवढा मागे उमले. खडकाईच्या गळ्यात माळ पडली, घराघराच्या दाराला तोरण लागलं, तरी बाग भरलेलीच. मळेवाडीच्या मधमाश्या मळे सोडून आमच्या खडकावर आल्या, असंही म्हणतात. मळेवाडीचे लोक नाही म्हणतात, पण त्यांचं ऐकतो कोण!

धुरपाईने तीच परडी काठोकाठ भरली आणि स्वतः पाटलाच्या दारात नेऊन ठेवली. "आमच्या आईचा परसाद हाय," एवढंच म्हणाली. पाटलाने दोन्ही हातांनी घेतली.

आजही काळेखडीत कोणी पहिल्यांदा बाग करायला निघालं, की आधी दिवसभर नुसतं बसतं, गेरूची रेघ ओढतं आणि सुपाएवढ्याच जागेत सुरुवात करतं. आणि दर नवरात्रात मळेवाडीची परडी आमच्याकडे रिकामी येते. आम्ही ती भरून पाठवतो.