पिसवांचं मांजर

एक होता राजा. मानाजी त्याचं नाव. राज्य म्हणाल तर तीन गावं आणि एक नदी, बरं का. एवढ्याशा राज्यात ऐट ती किती असावी! पण होती. राणी सगुणा मात्र साधी. दर आठ दिवसांनी पदर खोचून ती आख्खा राजवाडा शेणानं सारवायची. तेव्हा राजवाड्यालाही मातीचीच भुई असायची. वेणू, नाक मुरडू नकोस. तुझी पणजी तेच करायची.

त्यांना एक मुलगी होती, ठकू, चार वर्षांची. आणि ठकूचं एक मांजर होतं, कवडी. पांढरं, पाठीवर एक पिवळा ठिपका. दोघी एका ताटात जेवायच्या आणि एका गोधडीत झोपायच्या.

एकदा काय झालं, राजा दुसऱ्या राजाकडे लग्नाला गेला. तिथं त्यानं गालिचे पाहिले. झालं! घरी आला तो सात गालिचे घेऊनच. म्हणाला, "आजपासून सारवण बंद. राजाच्या घराला शेणाचा वास नको."

राणी म्हणाली, "अहो, भुई तडकेल."

"तडकू दे. गालिच्याखाली कोण बघतंय?"

आता गालिच्याखाली कोण होतं, ते ऐका. भुईला भेगा पडल्या. भेगांत धूळ साचली. कवडीच्या अंगावर चार पिसवा होत्या, असतातच मांजराच्या अंगावर. त्यांची अंडी खाली गळायची, मिठाच्या कणाएवढी. आधी ती सारवणाखाली गाडली जायची. आता भेगांत जाऊन पडली. तिथंच अंधारात फुटली आणि पिसवा वाढू लागल्या.

मग सगळा राजवाडा खाजवायला लागला. राजा दरबारात बसल्या बसल्या खाजवायचा. म्हणाला, "हे सगळं त्या मांजरामुळे!" मांजर मारणं म्हणजे पाप, हे त्याला ठाऊक होतं. मग लोक काय करतात? पोत्यात घालतात आणि नदीपलीकडे सोडून येतात. राजानंही तेच केलं, स्वतःच्या हातानं. पोत्यात कवडी ओरडत होती आणि ठकू रडत रडत नदीपर्यंत मागे धावली.

गेल्या का पिसवा? छे! अंगावर चार होत्या, तर घरात चार हजार. मांजर नाही म्हटल्यावर त्या माणसांवर आल्या. मग राजानं कडुनिंबाची धुरी केली. माणसांचे डोळे सुजले, पिसवा भेगांत खाली सरकून बसल्या. मग राजा म्हणाला, "कुलूप लावा. उपाशी मरतील." आणि सगळे मळ्यातल्या घरी राहायला गेले.

तीन महिने राजवाड्यात पाऊल पडलं नाही. पण पिसू फार चिवट, बरं का. इवल्याशा कोषात ती स्वतःला गुंडाळून घेते आणि पडून राहते. खायला नको, प्यायला नको. नुसती वाट बघते, कुणाचं पाऊल वाजतंय का.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, राजानं कुलूप काढलं. आत सगळं गार आणि शांत. अंगावर पांढरंशुभ्र धोतर होतं. त्यानं एक पाऊल टाकलं. धप्. गालिच्याखालून बारीक आवाज आला, तव्यावर तीळ तडतडतात ना, तसा. आणि धोतर खालून काळं व्हायला लागलं. घोट्यापर्यंत झालं. गुडघ्यापर्यंत झालं. राजा धोतर तिथंच सोडून पळाला. हसा, हसा. पण ठकू कुठं होती?

ठकू मागच्या दारानं आत गेली होती. "कवडी, कवडी," अशा हाका मारत. आणि मधल्या खोलीत मांजर बसलेलं होतं. कवडीच्याच जागेवर, कवडीसारखीच शेपटी गुंडाळून. पण काळंभोर. आणि त्याला डोळे नव्हते. त्याचं अंग सारखं हलत होतं, आतल्या आत.

"कवडे, काळी झालीस गं?" ठकू म्हणाली, आणि तिनं ते मांडीवर घेतलं.

दिग्या, पाय जवळ घे. घाबरलास का? मी आहे ना इथं.

मग रोज दुपारी ठकू मळ्यातून गुपचूप राजवाड्यात जायची. पहिल्या दिवशी परत आली ती जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. तिसऱ्या दिवशी राणी तिच्या मागोमाग गेली. बघते तर काय! पोर भिंतीला टेकलेली, पिठासारखी पांढरी, आणि मांडीवरचं मांजर फुगून तिच्याएवढं झालेलं. राणी किंचाळली. तिनं हात घातला तर ते वाळूसारखं विखुरलं. कोपऱ्यात जाऊन पुन्हा गोळा झालं आणि शेपटी गुंडाळून बसलं.

राणीनं ठकूला उचलून मळ्यात आणलं. पोर डोळे उघडेना. आणि संध्याकाळी राणीनं बाहेर पाहिलं, तर कुंपणापाशी ते काळं मांजर येऊन बसलं होतं.

राजाची ऐट उतरली. वैद्य आला, मान हलवून गेला. मग राणीनं माळावरच्या भिवरा धनगरणीला बोलावलं. तिच्याकडे चाळीस मेंढरं आणि सात कुत्री, तिला पिसवांची सगळी खोड माहीत. ती आली, कुंपणाकडे बघितलं आणि राजाला म्हणाली, "त्येंचं घर तू पोत्यात घालून फेकून दिलंस. मग त्येंनी दुसरं बांधलं. आता खरं मांजर आण. आनि ज्यानं टाकलं, त्यानंच आणायचं."

राजा पहिल्यांदा दहा शिपाई घेऊन नदीपलीकडे गेला. कवडी झाडावर चढली. दुसऱ्यांदा चांदीच्या वाटीत दूध घेऊन गेला. तिनं बघितलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा तो एकटा, अनवाणी गेला, खांद्यावर ठकूची गोधडी टाकून. झाडाखाली बसला आणि म्हणाला, "कवडे, माझं चुकलं. पोर जाते गं माझी." आणि हा एवढा मोठा माणूस, तोंडात गोधडी धरून रडला. दुपार टळल्यावर कवडी खाली उतरली. गोधडी हुंगली. राजाच्या नाकावर एक पंजा ओढला, आणि मांडीवर येऊन बसली. एवढं तर व्हायलाच हवं होतं.

इकडे राणीनं सातही गालिचे ओढून उन्हात टाकले. भिवरानं परातभर पाण्यात रिठे कुस्करले. राजा मधल्या खोलीत कवडीला मांडीवर घेऊन बसला, हातात बारीक दातांची फणी. काळं मांजर त्यांच्या मागोमाग आत आलं. त्यानं बिनडोळ्यांचं तोंड कवडीकडे वळवलं. जरा वेळ तसंच उभं राहिलं. आणि मग ते सुटलं. भुईवरून काळी धार निघाली, ती थेट कवडीच्या अंगावर.

कवडी थरथरत होती, पण मांडीवरून हलली नाही. राजा फणी ओढायचा, रिठ्याच्या पाण्यात बुडवायचा, पुन्हा ओढायचा. साध्या पाण्यातून पिसू उडी मारते, रिठ्याच्या पाण्यात मात्र बुडते. तीनदा परात बदलली. पाणी आधी काळं झालं, मग लाल व्हायला लागलं. ते रक्त कुणाचं होतं, हे राजाला कळलं. डोळ्यांना धारा लागल्या, पण हात थांबला नाही.

दिवस मावळायला आला तेव्हा फणी रिकामी निघाली. काळं मांजर जिथं उभं होतं, तिथं एक पांढरा केस तेवढा पडला होता. कवडीचाच. तेवढ्या एका केसाभोवती पिसवांनी सगळं मांजर रचलं होतं.

राजा दमून उठला. भिवरा म्हणाली, "निघालास कुठं? अजून भेगांत हाईत. एकदा सारवून भागत न्हाई. आठ दिसांनी पुन्ना, आनि त्याच्याबी आठ दिसांनी पुन्ना."

मग राजानं धोतर खोचलं, भेगा मातीनं बुजवल्या आणि स्वतः भुई सारवली. पहिल्या सारवणाला ठकूनं डोळे उघडले. दुसऱ्याला ती उठून बसली. तिसऱ्याला म्हणाली, "आई, भात दे. आणि कवडीलाही." सारवलेल्या ओल्या भुईवर राजा शेणाच्या हातांनी तसाच बसला, आणि दोघींना एका ताटात जेवताना बघत राहिला. त्याला शेणाचा वास आलासुद्धा नाही.

मग ठकू मोठी झाली, कवडीला चार पिल्लं झाली, आणि दर आठ दिवसांनी राजा धोतर खोचायचा. सगळी सुखात राहिली. आपणही राहू. उद्या सकाळी ही गोधडी उन्हात टाकायची आणि मांजराला फणी करायची, दोघांनी मिळून. नाही रे, पलंगाखाली काही नाही, मी आजच झाडलंय. डोळे मिटा आता. आणि पाय आपटू नका.